आधी लिफ्ट, मग शेकहँड

कुत्रा पाळणाऱ्याला सल्ला देण्याचा हक्क बहुधा घटनेनेच दिलेला असावा. कामोठ्यात तर तो बजावल्याशिवाय कुणी भाजीलाही बाहेर पडत नाही. आमच्याकडे पिल्लू येऊन दीड दिवस झाला नाही, तोच तिसऱ्या मजल्यावरचे नाना सांगून गेले, "घाण केली की नाक घासा त्यात. आपोआप कळतं." दूधवाला म्हणाला, "साहेब, तीन महिने कुणाला दाखवू नका. बाहेरच्यांचा हात लागला तर राखण करायचा नाही." आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "लिफ्टमधून न्यायचं नाही. नियम आहे."

तिन्ही सल्ल्यांशी माझे भांडण आहे. पण दूधवाल्याच्या सल्ल्याशी जुने वैर आहे. कारण तो मी एकदा पाळला होता.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे टायगर होता. नाव वाघाचे, काळीज झुरळाचे. लहानपणी चार महिने त्याला आम्ही फ्लॅटमध्ये जपला. पाहुणे आले की बाल्कनीत कोंडायचा, दिवाळी आली की मोरीत. मोठा झाल्यावर कुणी छत्री उघडली तरी तो पलंगाखाली जाई आणि अनोळखी माणूस दिसला की घसा फाटेस्तोवर भुंके. ती भीती होती. आम्ही कौतुकाने म्हणायचो, "काय राखण करतो बघा!" एके दिवशी जिन्यात तो गॅसवाल्याच्या पोटरीला चावला. सोसायटीची सभा झाली आणि टायगर कर्जतला एका ओळखीच्या माणसाच्या वाडीवर गेला. आम्ही निघालो तेव्हा तो गाडीमागे धावला नाही. कुंपणाच्या भिंतीला अंग चिकटवून थरथरत उभा राहिला. आमच्या घरात तो विषय अजून कुणी काढत नाही.

पुढे केव्हातरी वाचनात आले. १९६१ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. उंच कुंपणाच्या आत, माणूस दिसणार नाही अशा बेताने त्यांनी पिल्ले वाढवली. काहींना २, ३, ५, ७, ९ आठवड्यांची असताना आठवडाभर माणसांत आणले, काहींना १४ आठवडे होईपर्यंत अजिबात नाही. ही शेवटची पिल्ले पुढेही रानटीसारखीच बुजरी राहिली. म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते, मग ते लागत जाते. दूधवाल्याचे तीन महिने ते हेच! शिवाय २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आईजवळ तेवढे राहायलाच हवे. मग आपल्या हाती उरले किती? सहा आठवडे. आणि या सहा आठवड्यांत आपण त्याला काय शिकवतो, तर शेकहँड!

कुणी म्हणेल, डॉक्टरच सांगतात, लसी पुऱ्या होईपर्यंत खाली सोडू नका. कबूल. पार्व्हो चार दिवसांत पिल्लू नेतो. पण खाली सोडू नका म्हणजे घरात पुरून ठेवा असे नव्हे. माणसाला कडेवर घेता येते.

बंडूला (हे नवे पिल्लू, जात कामोठे, सेक्टरच्या नाक्यावरची) मी भाजीच्या पिशवीत घालून गावभर हिंडवला. मानसरोवर स्टेशनबाहेर लोकल दाखवली, सायन-पनवेल महामार्गाचे हॉर्न लांबून ऐकवले. हेल्मेटवाले, काठीवाले आजोबा, रेनकोटवाले, शाळा सुटलेली पोरे, सगळ्यांशी ओळख करून दिली. कान मागे गेले की चार पावले लांब जायचे, धीट झाला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. बाजारातल्या लोकांनी मला वेडा ठरवला. त्याला माझी हरकत नाही.

नानांचे नाक घासणे मात्र मी मोडीतच काढले. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की मालकासमोर करायचे नाही. मग ते सोफ्यामागे करते. झोपून उठले, जेवले, खेळले की लगेच कागदावर न्यायचे आणि झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. पाच मिनिटांनी दिलेली शाबासकी कशाची, ते त्याला कळत नाही. आम्ही अग्रलेखाचे पान वापरतो. आता बंडू दुसरे पान चालवून घेत नाही.

राहिली लिफ्ट. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना मी सेक्रेटरींना दाखवल्या. पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये पाटी आहे, सहा माणसं. कुत्रं लिहिलेलं नाही." अहो, पण लिफ्टएवढ्या जागेत परक्या माणसाजवळ गुपचूप बसायला कुत्र्याने शिकायचे कुठे? क्रॉस मैदानावर? ज्याला लिफ्ट ठाऊक नाही, तोच घाबरून लिफ्टमध्ये चावणार!

मी नेत राहिलो. परवा लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मी, सेक्रेटरी आणि बंडू. वीस मिनिटे. सेक्रेटरींना घाम फुटला होता. बंडूने त्यांचे बूट हुंगले, त्यावर हनुवटी टेकली आणि झोपून गेला. दार उघडले तरी सेक्रेटरी हलेनात.

"उचला हो याला," ते हळूच म्हणाले, "पाय काढला तर उठेल तो."