झीरो माइलचा दगड आणि फॉरवर्डचा भूगोल

१/ नागपूरच्या झीरो माइल स्तंभासमोर उभे राहून ‘हाच भारताचा मध्यबिंदू’ असे सांगणाऱ्या रील्सना तोटा नाही. तेथील दगडावर मात्र निराळाच मजकूर कोरलेला आहे: जी.टी.एस. स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट.

२/ म्हणजे ही मुळात उंचीची खूण. समुद्राच्या सरासरी पातळीपासून टप्प्याटप्प्याने मोजत आणलेली उंची येथे पक्की केली गेली, पुढच्या मोजणीला आधार म्हणून. शिवाय १९०७ च्या हिंदुस्थानात ब्रह्मदेशही होता. त्याचा मध्य तोच आजच्या भारताचाही मध्य कसा, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्यास पडत नाही.

३/ अज्ञान क्षम्य आहे. पण कॅमेरा दगडावरून फिरतो आणि अक्षरे कोणी वाचत नाही, हे खटकते; कारण त्यात खरी गोष्ट हरवते. १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच, हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तेथेच, वर्धा जिल्ह्यात आहे. तिकडे मात्र रीलवाले फारसे फिरकत नाहीत.