दान आले कुठून?

डिसेंबर लागला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नाताळच्या गाण्यांच्या तालमी सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग वादही. तरुणांना कीबोर्ड आणि ड्रम हवे असतात. जुन्यांना पेटी-तबला आणि ‘उपासना संगीत’मधली टिळकांची पदे. कॅथलिकांकडे विषय निराळा, पण तऱ्हा तीच: वेदीपुढे आरती ओवाळावी का, जमिनीवर बसून मिस्साविधी करावा का. हे वाद काही आजचे नाहीत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधून ‘क्रिस्तपुराण’ छापले. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट मोकळी करून दिली आणि १९६९ मध्ये भारतीय बिशपांच्या बारा सूचनांना रोमची मान्यता मिळाली. त्यांत हात जोडून केलेला नमस्कार आणि आरतीही होती. दर वेळी कोणी सुखावले, कोणी रुसले.

वाद मिटत नाही असे दिसले, की एखादे वडीलधारे माणूस समजूत घालते, ‘‘अहो, देव भावाचा भुकेला. पेटी काय नि गिटार काय, मन खरे असले म्हणजे झाले.’’ सगळे माना डोलावतात. ही म्हण मराठी माणसाच्या रक्तात इतकी मुरली आहे की ख्रिस्ती असो वा हिंदू, तिला कोणी हरकत घेत नाही. पण बायबल उघडून बसलेल्या वाचकाने हरकत घ्यायला हवी. तिथे भावाला मोल आहेच. मात्र भाव खरा असला म्हणजे उपासना पोचली, असे तिथे कुठेही गृहीत धरलेले नाही. भक्ताच्या छातीत काय चालले आहे याबरोबरच त्याच्या हातात काय आहे आणि ते कोणाच्या घरातून आले, याचीही चौकशी होते. मनापासून केलेली उपासनासुद्धा परत पाठवली जाऊ शकते. ख्रिस्ती परंपरेतला हा बहुधा सर्वांत अडचणीचा विचार असावा. सणासुदीच्या प्रवचनांतून तो फारसा कानावर येत नाही, यात नवल नाही.

क्यूबा बेटावर १५१४ मध्ये एका पाद्र्याला हा विचार असा भिडला, की त्याचे आयुष्यच पालटले. बार्तोलोमे दे लास कासास हा सेव्हिल शहरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा १५०२ मध्ये कॅरिबियन बेटांवर आला होता. क्यूबा जिंकणाऱ्या स्पॅनिश सैन्याबरोबर तो पाद्री म्हणून हिंडला आणि त्या सेवेपोटी त्याला जमीन मिळाली, तिच्यावर राबणारी माणसेही मिळाली. त्या काळची व्यवस्थाच तशी होती. मूळ रहिवाशांचा एकेक गट राजाच्या वतीने स्पॅनिश माणसाच्या हवाली केला जाई. त्यांनी त्याच्या शेतात आणि सोन्याच्या खाणीत राबायचे, बदल्यात त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. कागदावर सगळेच पुण्याचे काम! लास कासास त्यातल्या त्यात दयाळू मालक होता. धर्म शिकवण्याकडे मात्र इतरांइतकेच आपलेही दुर्लक्ष होते, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्याला कोणी सावध केले नव्हते असेही नाही. १५११ मध्ये शेजारच्या हिस्पानिओला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन संन्याशाने भर चर्चमध्ये मालकांना फैलावर घेतले होते. एका डॉमिनिकन पाद्र्याने तर लास कासासला पापक्षमा द्यायलाच नकार दिला. तरी तो हलला नाही. अखेर पेन्टेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करताना सिराख या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय त्याच्यापुढे आला. (हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या पवित्र शास्त्रात नाही.) लुबाडलेल्या धनातून केलेले अर्पण म्हणजे देवाची थट्टा; गरिबाच्या मालमत्तेतून यज्ञ करणे म्हणजे बापाच्या डोळ्यांदेखत मुलाला मारणे; मजुराची मजुरी दाबणारा खुनीच, असा त्या अध्यायाचा आशय आहे. लास कासास काही दिवस त्या मजकुरापाशीच घुटमळत राहिला. मग गव्हर्नरकडे जाऊन त्याने आपल्या ताब्यातली माणसे सोडून देत असल्याचे सांगितले आणि १५ ऑगस्टला मारियेच्या सणाच्या प्रवचनात ते सर्वांपुढे जाहीर केले.

इथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लास कासासच्या श्रद्धेत आदल्या दिवशीही खोट नव्हती. वेदीवर तो अर्पण करत होता ते मनापासूनच करत होता. त्या भाकरीमागे आणि द्राक्षारसामागे कोणाचे श्रम उभे आहेत, हे त्याला दिसत नव्हते, एवढेच. पुढे चियापासचा बिशप झाल्यावर १५४५ च्या उपवासकाळात त्याने गुलाम बाळगणाऱ्यांना पापक्षमा नाकारण्याचा हुकूम काढला: आधी माणसे सोडा, घेतलेले परत करा, मग या. शहर खवळले. दोनच वर्षांत तो स्पेनला परतला आणि नंतर बिशपपदही सोडले. हाच माणूस मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना करून बसला होता. तिचा पश्चात्तापही त्याच्याच लेखणीतून उतरला आहे. त्याला निष्कलंक संत करून भिंतीवर टांगायचे कारण नाही.

लास कासासने काही नवे काढले नव्हते. आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातच सण, बळी आणि गाणी यांचा देवाला वीट आल्याचे सुनावले होते, कारण वेशीवरच्या न्यायासनापुढे गरिबाला न्याय मिळत नव्हता. येशूने डोंगरावरील प्रवचनात तेच घरगुती भांडणापर्यंत आणले. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. राग उपासकाच्या मनात आहे की नाही, हा प्रश्नच नाही. दुखावलेला दुसरा आहे आणि उपासकाने उठून त्याच्याकडे जायचे आहे. ऐकणारे होते गालीलचे आणि वेदी होती यरुशलेमेत, म्हणजे चालत तीन-चार दिवसांच्या वाटेवर. अर्पणाचा पशू तिथेच सोडून गावी परत जा, भावाची समजूत काढ आणि पुन्हा ये, असा तो हिशेब होतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हसलेही असेल.

‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेने हा नियम शब्दशः घेतला: भांडण मिटेपर्यंत रविवारच्या भाकरीला बसू नये. आजच्या मिस्साविधीत त्याची खूण म्हणून ख्रिस्तप्रसादाआधी शांतीचे अभिवादन उरले आहे. शेजारच्या बाकावरच्या माणसाला हसून नमस्कार केला की झाले. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू आहे तो मात्र पलीकडच्या रांगेत बसतो, किंवा सात वाजताच्या उपासनेला येऊन गेलेला असतो.

करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने झापले तेही याच कारणाने. तिथले सुखवस्तू लोक लवकर येऊन आपापले खाऊन-पिऊन तर्र होत; मजूर आणि गुलाम उशिरा येत, त्यांना उपाशी राहावे लागे. प्रार्थना झाली असेल, भाकर मोडली असेल, गाणीही झाली असतील. पौल स्पष्ट सांगतो, की हे प्रभुभोजन होतच नाही. विधीत काही चुकले, असे तो म्हणत नाही. जेवणाच्या पंगतीत चुकले, म्हणून विधी फुकट गेला.

विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट प्रत्येक निधी संकलनाच्या वेळी हमखास बाहेर काढली जाते. मार्कच्या शुभवर्तमानात तिच्या लगेच आधी येशूने लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढले आहेत. ती वचने दानाच्या प्रवचनात सहसा गळतात. तिच्याकडे दोनच दमड्या का उरल्या, हे विचारले की दानपिशवी फिरवणे जरा अवघड होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असे मोजमाप लावले तर उपासना म्हणजे निव्वळ समाजसेवा उरेल. धूप, संगीत, सजावट सगळीच उधळपट्टी ठरेल. बेथानीत मारिया नावाच्या एका बाईने येशूच्या पायांवर महागडे सुगंधी तेल ओतले तेव्हा यहूदाने नेमके हेच म्हटले होते, की तीनशे दिनारांना ते विकून पैसे गरिबांना देता आले असते. येशूने बाजू घेतली मारियेची. तेव्हा देवापुढे सढळ हाताने उधळायला शास्त्राची मनाई नाही. मारियेने तेल स्वतःचे ओतले होते, एवढा तपशील मात्र विसरता कामा नये.

मोठ्या माणसांपुढे हा नियम टिकतो का, ही खरी परीक्षा. ३९० मध्ये थेस्सलोनिकी शहरात सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने हजारोंची कत्तल केली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला स्वहस्ते पत्र लिहून कळवले, की तुम्ही हजर असाल तर मला अर्पणविधी करता येणार नाही. चित्रकारांना आवडणारा, चर्चच्या दारात बिशप सम्राटाला अडवतो तो प्रसंग बहुधा नंतर रचलेला आहे. पत्र अस्सल आहे. सम्राटाने चारचौघांत प्रायश्चित्त घेतले, त्यानंतरच त्याला ख्रिस्तप्रसाद मिळाला.

अलीकडचे उदाहरण इटलीतल्या कालाब्रिया प्रांतातले. २१ जून २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन माफियाचे लोक धर्मबहिष्कृत असल्याचे सांगितले. अकराच दिवसांनी त्याच प्रांतातल्या ओप्पिदो मामेर्तिना गावी मारियामातेची मिरवणूक नजरकैदेत असलेल्या एका टोळीप्रमुखाच्या घरासमोर थांबली आणि खांद्यावरची मूर्ती त्याला मानवंदना दिल्यासारखी झुकवली गेली. सोबत चालणारा पोलीस अधिकारी मिरवणूक सोडून निघून गेला. बिशपांनी सगळ्या धर्मप्रांतातल्या मिरवणुकाच थांबवल्या. ते योग्यच झाले, असे या स्तंभाचे मत आहे. मूर्ती उचलणाऱ्यांची मारियेवर श्रद्धा नव्हती असे कोण म्हणेल?

भारतात हा प्रश्न जातीच्या रूपाने येतो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या वडक्कन्कुलम गावात १८७० च्या दशकात बांधलेल्या चर्चला दोन बाजूंना दोन दालने होती, वेदीपाशी एकत्र येणारी. एकात वेळ्ळाळर बसत, दुसऱ्यात नाडार, मध्ये भिंत. लोक त्याला पाटलोणीचे चर्च म्हणत. १९१० च्या सुमारास पाद्र्यांनी ती भिंत पाडली, तेव्हा वरच्या जातीचे ख्रिस्ती कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. जातीचा हक्क देवळात चालत नाही, हे ख्रिस्ती मंडळीला न्यायाधीशाकडून ऐकावे लागले! महाराष्ट्रात लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम याच्या नेमका उलट होता. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, पण सोवळे-ओवळे त्याआधीच सोडले होते. ‘स्मृतिचित्रे’त ती हकिगत आहे. आधी पंगत, मग वेदी.

भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती लोकांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येच भेदभाव होत असल्याची कबुली दिली. कबुलीनंतर परतफेड येते, हे लास कासासच्या हुकमात होतेच. त्यासाठी रोमची वाट बघायची गरज नाही. नाताळच्या तयारीची बैठक प्रत्येक मंडळीत होते. रोषणाईचा खर्च आणि गाण्यांची यादी यांच्या आधी तिथे तीन बाबी घेता येतील: चर्च झाडणाऱ्या आणि घंटा वाजवणाऱ्या माणसाला वर्षभर काय पगार दिला, मंडळीच्या शाळेतल्या कंत्राटी शिक्षिकेचा पगार वेळेवर झाला का, आणि कमानीवर ज्याचे नाव कोरायचे आहे त्या देणगीदाराने जमीन कोणाकडून व कशी घेतली. पहिल्या दोन बाबींची उत्तरे हिशेबाच्या वहीत मिळतील. तिसरीसाठी सातबारा काढावा लागेल.