अडीच सेकंदांचा बॉस

सुपर बोल म्हणजे आपल्यासाठी फेब्रुवारीतली सोमवारची पहाट. पाचच्या सुमारास मॅच सुरू, आणि संपली की डोळे चोळत थेट ऑफिस! तरी मी दरवर्षी बघते. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘तो बॉल फेकणारा क्वार्टरबॅक खरंच भारी आहे का गं? ओळखायचं कसं?’

सोपं उत्तर असतं: टीम जिंकते ना? मग भारी! पण बॉस, हा फंडा चालत नाही. २००१च्या जानेवारीत ट्रेंट डिल्फरने बाल्टिमोर रेव्हन्सकडून सुपर बोल जिंकला, तो मुख्यतः टीमच्या जबरदस्त डिफेन्समुळे. रेव्हन्सने पुढच्याच सीझनला त्याला सोडून दिलं. उलट डॅन मरिनो १७ सीझन खेळला, १९८४मध्ये ५,०८४ यार्ड पासिंगचा विक्रम केला आणि सुपर बोल न जिंकताच निवृत्त झाला. आता यातला ग्रेट कोण, सांगा!

मग आकडे बघायचे? पासर रेटिंग नावाची एक भानगड आहे. जास्तीत जास्त १५८.३. पण समजा, चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचंय, तिसरा प्रयत्न आहे आणि दहाच्या दहा यार्ड बाकी आहेत. पठ्ठ्याने चार यार्डांचा सेफ पास दिला. पास पूर्ण झाला, टक्केवारी खूश; टीमला मात्र बहुतेक वेळा बॉल लाथाडून समोरच्यांना द्यावा लागतो. आपल्याकडेही असे रिपोर्ट चकाचक आणि काम तिथल्या तिथेच ठेवणारे महाभाग असतातच की!

मी बघते ते वेगळंच. हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येत असतो. प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो बंद. पुढे हा एकटा. बॉल हातात आल्यावर मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात पहिला रिसीव्हर बघायचा, तो अडकला असेल तर दुसरा, मग तिसरा. शंभर किलोहून जड माणसं अंगावर येत असताना पाय स्थिर ठेवायचे. रिसीव्हर वळण्याआधीच तो जिथे पोचणार तिथे बॉल सोडायचा. आणि काहीच जमत नसेल तर मुकाट बॉल बाहेर फेकून द्यायचा. हिरोगिरी नाही! हा शेवटचा गुण मला सगळ्यात महागाचा वाटतो.

गंमत म्हणजे हे स्टॉपवॉचवर दिसत नाही. २०००च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रॅडी १९९वा निवडला गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. २०२२मध्ये ब्रॉक पर्डीचा नंबर २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा. २०२४च्या फेब्रुवारीत तो सुपर बोल खेळत होता. उलट १९९८मध्ये दुसऱ्या नंबरवर निवडलेल्या रायन लीफचं करिअर २५ सामन्यांत आटोपलं.

पण सगळा दोष निवडणाऱ्यांचाही नाही. पॅट्रिक महोम्स २०१७चं जवळजवळ अख्खं वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला. २०१८मध्ये त्याने ५० टचडाऊन पास फेकले. सॅम डार्नोल्डला जेट्सने २०१८मध्ये तिसऱ्या नंबरवर घेतलं आणि २०२१मध्ये देऊन टाकलं. त्याच डार्नोल्डने २०२४मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडून ३५ टचडाऊन पास फेकले. हात तोच, कोच आणि भोवतीची माणसं वेगळी. असे किती डार्नोल्ड दुसरा चान्स न मिळताच घरी गेले असतील?

म्हणून पुढच्या वेळी मॅच बघताना बॉलच्या मागे डोळे पळवू नका. तिसऱ्या प्रयत्नाला फक्त क्वार्टरबॅककडे बघा, आणि त्याला नापास करण्याआधी त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच जणांकडेही. अप्रेझलच्या सीझनमध्ये कुणाला मार्क द्यायची वेळ आली, तरी हाच क्रम ठेवा. समोरच्याचं करिअर त्यावर ठरत असतं.