तर्क आणि बातमी

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. मे महिना सरत आला, की तेथील तरुण कामगारांत जेवणाच्या सुट्टीत एक निराळीच चर्चा रंगते. जूनमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे ॲपल कंपनीची परिषद भरते. तीत कोणती नवलाई जाहीर होईल, याविषयी ज्याचा त्याचा तर्क सुरू होतो. तेथे सकाळचे दहा वाजतात, तेव्हा येथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तरी कित्येक जण जागे राहतात.

या कुतूहलाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तर्क म्हणजे बातमी नव्हे. २०२३ सालचेच पाहा. डोळ्यांवर चढवावयाचे यंत्र येणार, हा बोलबाला खरा ठरला. मात्र त्याचे नाव ‘रिॲलिटी प्रो’ आणि किंमत सुमारे ३००० डॉलर, हे अंदाज चुकले. ५ जूनला जाहीर झाले ते ‘व्हिजन प्रो’, किंमत ३४९९ डॉलर!

शिवाय ही परिषद मुख्यतः संगणकाच्या व फोनच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची. नवे आयफोन बहुधा सप्टेंबरात येतात. जूनमध्ये नवा फोन येऊन जुना स्वस्त होईल, या भरवशावर खरेदी लांबवणारा उमेदवार कामगार हकनाक खोळंबतो. गंमत अशी, की हाच मुलगा यंत्रातून निघालेला भाग मापल्यावाचून पुढे पाठवीत नाही! मग ऐकीव तर्कही त्याने मे महिन्यातच वहीत, सांगणाऱ्याच्या नावासह, टिपून ठेवावेत. आणि परिषद संपली, की एकेकापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करावी.