सारोळ्याच्या रानात, मेंढपाळांच्या वाड्यावर

गेल्या हिवाळ्यात नॉर्वेत राहणाऱ्या आमच्या एका नातेवाइकांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. ट्रॉम्सो शहराजवळचे बर्फाळ माळरान, त्यात रेनडिअरचा मोठा कळप, शंकूच्या आकाराचा तंबू, मधोमध पेटलेली शेकोटी आणि रंगीत काठांचा पोशाख घातलेली सामी माणसे. एका दिवसाची सहल होती ती. पर्यटकांनी रेनडिअरला चारा खाऊ घालायचा, शेकोटीपाशी बसून गरम रस्सा प्यायचा, सामींचे गाणे ऐकायचे आणि संध्याकाळी हॉटेलवर परतायचे. मुलांनी ती चित्रफीत दहा वेळा पाहिली आणि आपण कधी जायचे म्हणून धोशा लावला.

नॉर्वेचे तिकीट आमच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा घरातली दादी म्हणाली, "कळपामागे फिरणारी माणसं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? दिवाळी झाली की आपल्या नीरेकाठी धनगर येतातच की." दादीचे बालपण भोर तालुक्यात गेले आहे. तिचे म्हणणे आम्ही मनावर घेतले. सारोळ्यात आमचे एक शेतकरी स्नेही आहेत. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "कालच आमच्या रानात मेंढरं बसलीत. उद्या सकाळी लवकर या. उन्हं वर आली की कळप चरायला निघतो."

सारोळे हे पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. पुढे नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ आणि सातारा जिल्हा लागतो. या रस्त्याने आम्ही शेकडो वेळा गेलो असू. पण गाडीच्या काचेतून दिसणारा कळप म्हणजे वाट अडवणारी मेंढरे, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. त्या दिवशी फजरची नमाज पढून निघालो आणि दिवस उगवायच्या सुमारास शेतात पोहोचलो. नदीवरून धुके उठत होते. पायांखाली भात कापलेले खुंट आणि दवाने भिजलेली माती.

शेताच्या मध्यभागी जाळीचे कुंपण घातले होते. त्याला वाघूर म्हणतात. आत दीडशेच्या आसपास मेंढ्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. बाजूला तीन दगडांची चूल, प्लास्टिकच्या कागदाचे पाल, दोन कुत्रे, तीन घोडी आणि टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. एवढेच बिऱ्हाड. घोड्यांवर भांडी, पीठ, अंथरुणे आणि चालता न येणारी कोकरे लादायची आणि पुढच्या रानाकडे निघायचे. काही बिऱ्हाडे मिळून जो तळ पडतो त्याला वाडा म्हणतात. ही माणसे फलटणकडची. तिकडे पाऊस कमी, म्हणून दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे यायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरायचे. काही वाडे वरंधा घाट उतरून कोकणात जातात. हा वाडा मात्र भोरच्या बाजूलाच फिरतो.

"या भाई, बसा. ताई, तुम्ही हिकडं घोंगडीवर बसा," म्हणत मामींनी शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. त्यांना आम्ही मामी आणि कुटुंबप्रमुखांना मामा म्हणू लागलो. घटकाभरात मुलेही तसेच म्हणू लागली.

आमच्या स्नेह्यांनी मेंढ्या बसवण्याचा व्यवहार समजावून सांगितला. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडी आणि मूत्र थेट जमिनीला मिळते. पुढच्या पिकाला त्याच्यासारखे खत नाही. पूर्वी शेतकरी त्याबदली ज्वारी-बाजरी देत. आता बहुतेक ठिकाणी रात्रीच्या हिशेबाने पैसे देतात. म्हणजे हे लोक कुणाच्या रानात फुकट शिरलेले पाहुणे नव्हेत. शेतकऱ्याला खत, मेंढ्यांना पाला, असा हा दोन्हीकडचा फायदा आहे. पण ऊस वाढला, कुंपणे आली, प्लॉट पडले, गायरानेही कमी झाली. मामा म्हणाले, "आवं, वाट ऱ्हायली न्हाई. डांबरीवरनं न्यावं तर ट्रक, रानातनं न्यावं तर तारा."

ऊन पडल्यावर वाघूर सोडली. आधी कोकरांना आयांकडे सोडले. दीडशे मेंढ्यांत प्रत्येक कोकरू आवाजावरून आणि वासावरून नेमके आपल्या आईला कसे शोधते, हे मुले डोळे विस्फारून पाहत राहिली. मामींना तर प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखता येते. सामी लोक रेनडिअरच्या कानाला ठरावीक खाचा पाडतात आणि त्या खुणेवरून जनावर कोणत्या घरचे ते ओळखतात, हे आम्ही वाचले होते. मामींना त्याचीही गरज वाटत नाही.

मुलांना कामाला लावण्यासाठी आम्ही त्यांना एक गणित घातले. मोकळ्या रानात चरून वाढणाऱ्या मेंढ्यांची जकात कशी काढतात? चाळीसपेक्षा कमी असतील तर काही नाही. चाळीस ते एकशे वीसला एक, एकशे एकवीस ते दोनशेला दोन आणि त्यापुढे तीनशे नव्याण्णवपर्यंत तीन. मग हा कळप आपला असता तर? थोरलीने पटकन "दोन" म्हटले. मामांनी ते ऐकून विचारले, "म्हंजी ह्याबी गोष्टीचा हिशेब हाय व्हय तुमच्यात?" आम्ही म्हटले, "आहे मामा. ज्याला अल्लाहने कळप दिला, त्याच्या कळपात गरिबाचा वाटा आहे."

कळपामागे आम्ही दोन-अडीच किलोमीटर चाललो असू. मामांच्या हातात टोकाला आकडी लावलेली लांब काठी होती. बाभळीची उंच फांदी तिने ओढून ते शेंगा आणि पाला खाली पाडत आणि मेंढ्या धावून येत. ते पाहताना दादीला हजरत मूसा (अलै.) आठवले. सूरह ताहामध्ये त्यांच्या हातातील काठीचा उल्लेख आहे. तिच्यावर ते टेकत असत आणि आपल्या शेळ्या-मेंढ्यांसाठी पाला पाडत असत. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट सारोळ्याच्या बाभळीखाली आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मदयनमध्ये हजरत मूसांनी कित्येक वर्षे मेंढ्या राखल्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही लहान वयात मक्केच्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या मजुरीने चारल्या आणि मेंढ्या राखल्या नाहीत असा एकही प्रेषित झाला नाही, या आशयाची हदीस बुखारीत आहे. थकलेल्याला उचलायचे, मागे पडलेल्याची वाट पाहायची आणि पुढे धावणाऱ्याला आवरायचे. माणसांना सांभाळण्याची तयारी बहुधा अशीच होत असावी.

जुहरची वेळ झाली. मामींनी न सांगताच एक काळी घोंगडी झटकून अंथरली. किबल्यासाठी पश्चिमेचा अंदाज विचारला तर मामांनी लगेच घाटाकडे हात केला. "आमची वाटच तिकडची, ती कशी चुकंल?" त्या खरखरीत, उबदार घोंगडीवर आम्ही नमाज अदा केली. सूरह अन-नहलमध्ये जनावरांच्या लोकरीपासून, केसांपासून मिळणाऱ्या वस्तू अल्लाहच्या कृपेत मोजल्या आहेत.

पण या लोकरीची आजची गत ऐकून वाईट वाटले. दख्खनी मेंढीची लोकर जाड, काळसर आणि थोडीच असते, वर्षाला साधारण अर्धा किलो. घोंगडी, जेन यांना मागणी होती तोवर तिला किंमत होती. आता गिरणीच्या चादरी आणि स्वस्त ब्लँकेट आले. कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही. कधी कधी लोकर तिथेच टाकून पुढे जावे लागते. उत्पन्न उरले ते फक्त कोकरे विकण्याचे.

त्यात हवामान. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठा यांनी जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागांत शेकडो मेंढ्या एका-दोन रात्रींत मेल्या. ते आठवून मामी म्हणाल्या, "अंगावरची लोकर भिजली की मेंढरू उभ्या उभ्या गारठतं. शेकोटी तरी कितीजणींना पुरणार?" विशेष म्हणजे तिकडे सामींचेही दुखणे असेच आहे. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, तो गोठतो आणि बर्फाखालच्या दगडफुलासारख्या चाऱ्यावर कडक थर बसतो. रेनडिअरला तो फोडता येत नाही. त्यांच्याही चराईच्या जागा रस्ते, खाणी आणि पवनचक्क्यांनी व्यापल्या. मात्र नॉर्वेत १९८९ साली सामींची स्वतःची संसद सुरू झाली आणि फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने त्यांच्या हक्कांचा भंग करतात, असा निकाल २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, ते जगभरच्या अशाच लोकांसाठी.

दुपारी भाकरी, ठेचा आणि आम्ही नेलेला खिमा-पाव असे एकत्र जेवण झाले. मामींनी खिमा घेतला नाही, "आज उपास हाय" म्हणून हसून टाळला. पण पाव आणि खजूर आवडीने घेतले. जेवताना आमच्या धाकट्याने एका शिंगाळ्या मेंढ्याकडे बोट दाखवून विचारले, "मामी, ईदला हा विकणार?"

मामी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "व्हय बाळा. पोरावानी वाढवलाय. पण त्याला इकला की दुसऱ्या शंभरांचं औषधपाणी व्हतं." पुढे त्या सहज बोलल्या, "गिऱ्हाईक येतं, तोंड उघडून दात बघतं, दोन तास घासाघीस करतं. शेवटी पावसाळा जवळ आलेला असतो, आमाला माघारी जायचं असतं. देऊन टाकतो."

आमच्या घशात घास अडकला. गेल्या वर्षी एका बाजारात आम्हीच असे दोन तास घासाघीस केली होती. समोरचा मेंढपाळ संध्याकाळी गडबडीत आहे, हे ओळखून शेवटी दोन हजार रुपये उतरवून घेतले होते आणि घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितले होते. त्याच महिन्यात मोबाइलच्या दुकानात आम्ही छापील किंमत मुकाट्याने दिली होती.

परतताना गाडीत सगळे गप्प होते. मग दादी म्हणाली, "जनावर आपल्या दारात तीन दिवस राहतं, त्यांच्याकडे दोन वर्षं. खरं तोडायचं दुःख कुणाला?" कुर्बानीचे मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती आपली नियत आणि ईशपरायणता, हे आपण दर वर्षी ऐकतो. ज्याने ते जनावर वाढवले त्याच्या गरजेचा फायदा घेऊन वाचवलेले दोन हजार त्या नियतीत कुठे बसतात, याचा विचार आम्ही केला नव्हता. भाव विचारणे गैर नाही. समोरच्याची अडचण हेरून भाव पाडणे गैर आहे.

घरी येऊन आम्ही काही गोष्टी ठरवल्या. येत्या ईदला जनावर शक्यतो थेट मेंढपाळाकडून आणि आधीच सांगून घ्यायचे. रास्त भाव एकदा ठरला की पुन्हा तोडायचा नाही. दोन घोंगड्या मामींकडे सांगून ठेवल्या आहेत. एक दादीसाठी, एक नमाजसाठी. महामार्गावर कळप दिसला तर गाडी थांबवायची आणि हॉर्न वाजवायचा नाही. ज्यांची शेती आहे त्या वाचकांनी पीक निघाल्यावर रान मोकळे असेल तर मेंढ्या बसवून पाहाव्यात. विहिरीवर आलेल्या वाड्याला पाणी नाकारू नये. तहानलेल्या जनावराला पाणी पाजण्याचे पुण्य किती मोठे, हे आपल्या घरातल्या लहानग्यांनाही माहीत आहे.

तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारले जाणार आहे, या आशयाची हदीस आपण घर, मुलेबाळे, नोकर-चाकर यांच्या संदर्भात सांगतो. ज्यांच्या कष्टावर आपली ईद साजरी होते, तेही आपल्या जबाबदारीत येतात, हे आम्हाला सारोळ्याच्या रानात उमगले. अल्लाह आपल्या सर्वांना व्यवहारात न्यायाने वागण्याची तौफिक देवो आणि रानोमाळ फिरणाऱ्या त्या लेकरांना व त्यांच्या कळपांना सुखरूप ठेवो. आमीन.