सूर्याचे प्रूफ

दिल्लीच्या चित्रकर्त्या रोहिणी देवाशेर यांनी २०२३ साली ‘वन हंड्रेड थाउजंड सन्स’ हे काम पूर्ण केलं. चार पडद्यांवर चालणाऱ्या या चित्रफितीचा ऐवज कोडाईकनालच्या सौर वेधशाळेतला आहे. तिथे शंभराहून अधिक वर्षं सूर्याचे फोटो काढले जात आहेत, त्यातले कितीतरी काचेच्या पट्टिकांवर. सोबत सौरडागांची हाताने काढलेली चित्रंही आहेत. २०२४ साली ‘डॉइश बँके’ने देवाशेर यांना वर्षातील कलाकार म्हणून निवडलं, आणि बर्लिनमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

देवाशेर हौशी खगोलनिरीक्षक आहेत, हे सगळे सांगतात. त्या मुद्राचित्रणही शिकल्या आहेत, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. त्यांच्या कामाची किल्ली तिथेच आहे.

एचिंग हा मुद्राचित्रणाचा एक प्रकार. ते करताना तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात सोडतात. तो तिथे किती वेळ राहिला, यावर रेघेची खोली ठरते. मग शाई, ओलसर कागद, प्रेसचा दाब आणि पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छापा. तो निरखायचा, उणं दिसेल तिथे पुन्हा काम करायचं, पुन्हा छापायचं. वेधशाळेची रीतही अशीच आहे. आजच्या काचेवर डाग दिसतो; तो सरकतोय हे उद्याची काच सांगते. डागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र उमगायला तर वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. असा संग्रह हाताळायला प्रूफ वाचण्याची सवय असलेला डोळाच हवा.

कोडाईकनालचं पुण्याशी जुनं नातं आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली आणि १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण जेऊरला जाऊन टिपलं. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली. तिची उपकरणं कोडाईकनालला गेली.

विज्ञानसंस्थेत कलेला जागा देणंही आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होमी भाभांनी जमवायला घेतलेला चित्रसंग्रह आणि चित्रकार हुसेन यांचं भव्य भित्तिचित्र आजही आहे. ती दृष्टी मोठीच होती. आता पुढचं पाऊल हवं. तयार चित्र भिंतीवर लागतं, तेव्हा शास्त्रज्ञाला कलाकृती भेटते. कलावंताला संस्थेचं दप्तर उघडून दिलं, तर दोघांनाही एकमेकांची कामाची पद्धत कळते.

टीआयएफआर, पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका आणि खोडदची रेडिओ महादुर्बीण यांनी दरवर्षी एखाद्या तरुण मुद्राचित्रकाराला आपला संग्रह, बसायला जागा आणि भरपूर वेळ द्यावा. वर्षअखेरीस अंतिम छाप्यासोबत मधले सगळे प्रूफही भिंतीवर लावावेत, आणि ते प्रदर्शन शाळेतल्या मुलांसाठी खुलं ठेवावं.