मण्यांची किंमत मोजतो, हातांची कधी मोजणार?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

शाळेच्या आनंदमेळाव्यात किंवा दिवाळीच्या प्रदर्शनात आठवी-नववीच्या मुलींनी (आणि हो, मुलांनीही) केलेले दागिने आपण पाहतो. खड्यांची माळ, कानातले डूल, चांदीच्या तारेत बसवलेला अकीक. आपण कौतुक करतो, "छान हं, हातात कला आहे!" आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "पण छंद म्हणून ठीक आहे, अभ्यास सांभाळून." त्यात ओळखीतलं कुणी असेल तर आणखी एक वाक्य, "घरचीच आहेस, थोडं कमी कर की!"

मला या दोन वाक्यांविषयी बोलायचं आहे. कारण हाताने दागिने घडवून विकणं हा खरा व्यवसाय आहे आणि तो बुडतो तो बऱ्याचदा कलेअभावी नाही, हिशेबाअभावी. तो हिशेब शाळेत शिकवता येतो, पण आपण तो अर्धाच शिकवतो.

नफा-तोटा आठवून पाहा. खरेदी किंमत, तिच्यात गाडीभाडं मिळवा, हमाली मिळवा, मग विक्री किंमत. म्हणजे हमालाची मजुरी आपण फळ्यावर मांडतो. पण वस्तू स्वतः घडवणाऱ्याची मजुरी? ती उदाहरणात नसतेच.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, 8 मिलिमीटरच्या अकीक मण्यांची 16 इंची माळ करायची आहे. तिला साधारण 50 मणी लागतात. मण्यांचा सर 350 रुपये, चांदीचा फासा 250, रेशमी दोरा वगैरे 30, डबी 40. झाले 670. प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं 3000 रुपये आणि तिथे 30 वस्तू विकल्या, तर प्रत्येकीवर 100 रुपये. एकूण 770. माळ विकली 900 रुपयांना. मूल आनंदाने सांगतं, "130 रुपये नफा!"

पण मणी निवडणं, माळ गाठवणं, दर दोन मण्यांमध्ये गाठ मारणं, फोटो काढणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यात चार तास गेले. तासाला फक्त 100 रुपये धरले तरी मजुरी होते 400. खरी किंमत 1170. म्हणजे 900 ला विकल्यावर 270 रुपये तोटा! शिवाय न खपलेला माल आणि पुढची खरेदी यांसाठी वर काही हवंच. 20 टक्के धरले तर किंमत 1404, म्हणजे सुमारे 1400 रुपये. हे गणित सहावीच्या मुलालाही जमतं. फक्त "माझ्या तासाची किंमत" ही एक ओळ आपण त्याच्या वहीत घालायला हवी.

कुणी म्हणेल, मुलांच्या आनंदात पैसा कशाला आणायचा? पण पैसा तर स्टॉल लावला तेव्हाच आला. मग तो नीट मोजायला शिकवू या. स्वतःचे कष्ट फुकट धरायची सवय लहानपणी लागली की ती मोठेपणी जात नाही, मुलींची तर नाहीच नाही.

याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. स्वतःच्या हातांची किंमत कळली की दुसऱ्याच्या हातांची कळते. अकीकाचे मणी गुजरातमध्ये खंभातला शतकानुशतके घडवले जातात. दगड तापवला की त्यातल्या लोहामुळे तो लालसर होतो. आपण रसायनशास्त्रात शिकवतो तेच. पण हा दगड घासताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुफ्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. मण्यांचा सर स्वस्त का मिळतो, हा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे. आपल्याकडे तेर आणि पैठणच्या उत्खननातही मणी सापडले आहेत. इतिहासाच्या तासाला ते दाखवताना, ते घासणाऱ्या हातांचाही उल्लेख करू या.

तिसरी गोष्ट सचोटीची. बाजारात फिरोजा म्हणून मिळणारे बरेच मणी रंगवलेल्या हाऊलाईटचे असतात. ओपलाईट म्हणजे काच. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि निकेलमुळे काहींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येतं. रंगवलेला दगड विकण्यात गैर काही नाही, तो रंगवलेला आहे हे सांगितलं नाही तर गैर. मोठ्या पेढीचं नाव मागे नसलेल्या एकट्या कलाकाराकडे विश्वास हेच भांडवल असतं. तेव्हा मुलाच्या डबीत एक चिठ्ठी असू द्या: दगड कोणता, धातू कोणता, जपायचं कसं. मोत्याची कठिणता मोह्सच्या मापावर 3 च्या आसपास, अकीकाची 7 च्या जवळ. एकाच डबीत ठेवले तर मोत्यावर ओरखडे पडणारच. आणि अमुक खडा घातला की पेपर सोपा जातो, असं सांगून मात्र मुलांना काहीही विकू देऊ नका.

या कामात रोज पैसा येत नाही, हेही लपवू नये. सणासुदीला आणि लग्नसराईत हात पुरत नाहीत, पावसाळ्यात डब्या तशाच राहतात. म्हणून शिक्षण सोडा असं कुणी म्हणत नाही. गणित, विज्ञान, भाषा या कामात पदोपदी लागतात, हेच तर मुलांना दिसू दे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची कल्पना आहे. त्यातला एक दिवस गावातल्या सोनाराकडे किंवा दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडे न्या. मुलांना दोनच प्रश्न विचारायला सांगा: "याला किती वेळ लागला?" आणि "त्या वेळेचे तुम्ही किती धरले?"

आणि पालकहो, पुढच्या प्रदर्शनात एखाद्या मुलीने 1400 रुपये सांगितले, तर घ्यायचं की नाही हे खुशाल ठरवा. परवडत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. पण "एवढे कशाचे?" असं विचारलंत, तर उत्तर पूर्ण ऐकून घ्या. हिशेब तिच्या वहीत लिहिलेला असेल.